चोथा वजा करावा काय?
मधुमेही माणसाच्या ताटाचा हिशेब

मधुमेह हा शब्द आता आपल्यापैकी कोणासही नवा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह असल्याचा अंदाज दिला आहे. आपल्या चिक्कडपल्लीतील कोणत्याही गल्लीत चार घरे चढून गेले, तर एका घरी तरी साखर तपासण्याचे लहानसे यंत्र देवघराशेजारच्या फळीवर ठेविलेले आढळेल. आमच्याही घरी ते आहे. आमचे तीर्थरूप पौरोहित्य करतात आणि गेली अनेक वर्षे त्यांस हा विकार आहे. त्यांच्या ताटाचा हिशेब ठेवण्याचे काम आमच्याकडे आले. त्या हिशेबात आमच्या हातून एक चूक घडली. ती चूक इतर घरीही घडण्याजोगी आहे, म्हणून आम्ही हा विषय वाचकांपुढे मांडीत आहोत. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंतच झालेले आहे. तथापि येथे जे सांगावयाचे आहे त्यास बेरीज-वजाबाकीपलीकडचे गणित लागत नाही.

मोजावयाचे ते काय?

आपण जे अन्न खातो त्यात मुख्यत्वे कर्बोदके, प्रथिने व स्निग्ध पदार्थ असतात. यांपैकी जेवणानंतर रक्तातील साखर सर्वांत अधिक व सर्वांत लवकर वाढविणारी ती कर्बोदके. भात, पोळी, भाकरी, बटाटा, साबूदाणा, फळे, दूध, गूळ, साखर या सर्वांत ती असतात. पोटात गेल्यावर पिष्टमय पदार्थांचे ग्लूकोजमध्ये रूपांतर होते व ते ग्लूकोज रक्तात उतरते. निरोगी माणसाचे स्वादुपिंड त्या मानाने इन्सुलिन सोडते आणि साखर ठिकाणावर येते. मधुमेही माणसाचे इन्सुलिन अपुरे पडते किंवा त्याचा शरीरावर पुरेसा परिणाम होत नाही. १९२१ साली कॅनडातील टोरॉन्टो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले, आणि १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम एका रुग्णास टोचण्यात आले. तेव्हापासून बाहेरून इन्सुलिन घेणे शक्य झाले. परंतु त्याबरोबरच एक नवी जबाबदारीही आली. ताटात कर्बोदके किती आहेत हे ठाऊक असल्याशिवाय इन्सुलिन किती घ्यावयाचे हे ठरविता येत नाही.

कर्बोदकांचाच एक भाग असा आहे की तो आपल्या लहान आतड्यात पचत नाही. यास शास्त्रीय भाषेत आहारतंतू म्हणतात. आपल्या घरी यालाच आपण चोथा म्हणतो. धान्याचे कोंड्याचे आवरण, डाळींची साले, पालेभाज्यांच्या शिरा, मेथीदाण्याचा बुळबुळीत भाग, इसबगोल ही सर्व तंतूंचीच रूपे होत. ते न पचणारे असल्यामुळे रक्तातील साखर पिठाप्रमाणे वाढवीत नाहीत. उलट त्यांतील काही, विशेषतः पाण्यात फुगणारे तंतू, बाकीच्या अन्नाचे पचन मंद करून साखरेची चढण सौम्य करतात. येथवर सर्वांचे एकमत आहे. पुढचा प्रश्न मात्र घोटाळ्याचा आहे. तंतू साखर वाढवीत नाहीत, मग कर्बोदकांच्या आकड्यातून ते वजा करावेत की नाही?

हैदराबादेतच असलेला आधार

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आपणास दूर जावयास नको. चिक्कडपल्लीपासून थोड्याच अंतरावर, तारनाका येथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली दक्षिणेकडील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरी रोगाच्या शोधासाठी जे छोटे केंद्र चालू केले, त्याचेच हे वाढलेले रूप. १९५८ साली ती संस्था हैदराबादेस आली आणि १९६९ साली तिला आजचे नाव मिळाले. भारतीय अन्नात काय किती आहे याची कोष्टके हे या संस्थेचे फार मोठे कार्य होय. पहिले कोष्टक १९३७ साली ॲक्रॉइड यांनी कुन्नूर येथे सिद्ध केले. पुढे १९७१ साली डॉ. सी. गोपालन व त्यांचे सहकारी यांचा ग्रंथ निघाला. त्याची सुधारित आवृत्ती १९८९ साली आली, आणि तीत वाय. जी. देवस्थळे या मराठी नावाचाही समावेश आहे. अखेर २०१७ साली ५२८ खाद्यपदार्थांची, सर्वस्वी नव्याने तपासणी करून तयार केलेली कोष्टके प्रसिद्ध झाली.

जुने व नवे कोष्टक शेजारी ठेवून पाहिले तर एक विलक्षण गोष्ट दिसते. जुन्या ग्रंथात १०० ग्रॅम ज्वारीत कर्बोदके ७२.६ ग्रॅम व तंतू अवघे १.६ ग्रॅम दिले आहेत. नव्यात कर्बोदके ६७.६८ व तंतू १०.२२ ग्रॅम आहेत. ज्वारी तर तीच आहे. मग तंतू सहापट कसे झाले?

याचे कारण तपासणीच्या पद्धतीत आहे. पूर्वी धान्य आम्लात व नंतर क्षारात उकळून जे उरे, तेवढेच तंतू म्हणून मोजीत. त्या उकळण्यात बरेचसे तंतू विरघळून जात आणि ते हिशेबात कर्बोदकांकडे जमा होत. नव्या पद्धतीत माणसाच्या पचनाप्रमाणे पाचक रसायनांनी पिष्ट पचवून, न पचलेला सर्व भाग मोजला जातो. म्हणून तंतूंचा आकडा वाढला व कर्बोदकांचा उतरला. जुन्या ग्रंथकारांचा यात काही दोष नाही. त्या काळी साधनेच तशी होती.

आमची चूक

आता आमच्या घरची हकीकत सांगतो. तीर्थरूपांस डॉक्टरांनी जेवणापूर्वी घ्यावयाचे त्वरित परिणामी इन्सुलिन सुरू केले, आणि दर १० ग्रॅम कर्बोदकांस १ युनिट असे प्रमाण नेमून दिले. हे प्रमाण त्यांच्यापुरतेच आहे. दुसऱ्याने ते उचलू नये, कारण प्रत्येकाचे प्रमाण निराळे असते व ते डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. आम्ही २०१७ चे कोष्टक उतरवून घेतले, स्वयंपाकघरात एक तराजू आणला आणि वही घातली. तंतू साखर वाढवीत नाहीत हे आम्ही कोठेतरी वाचले होते. म्हणून कर्बोदकांतून तंतू वजा करून जो आकडा येई, त्यावर इन्सुलिन धरीत असू. ताट पूर्वी होते तितकेच होते, परंतु आकडा लहान आल्याचे समाधान मात्र वाटे.

त्याच सुमारास आईने भाताऐवजी आठवड्यातून चार दिवस भाकरी करण्याचे ठरविले. आमचे घराणे मूळ मराठवाड्याकडील. १९५६ पर्यंत मराठवाडा व हैदराबाद एकाच संस्थानाचा, पुढे एकाच राज्याचा भाग होते, हे जुन्या वाचकांस स्मरत असेलच. तिकडे जोंधळ्याची भाकरी हेच मुख्य अन्न होते. येथे दोन पिढ्या राहिल्यावर आमच्या ताटात भाताने तिची जागा घेतली. आमच्या तेलुगु शेजाऱ्यांच्या घरीही, ज्यांचे आजोबा जोन्न रोट्टे खात, आज तीच गोष्ट झालेली आहे. तेव्हा भाकरी परत आणावी, तिच्यात चोथा अधिक आहे, साखर आटोक्यात राहील, असा आईचा विचार होता आणि तो योग्यच होता.

परंतु घडले भलतेच. भाताच्या दिवशी जेवणानंतर दोन तासांनी साखर ठीक येई, आणि भाकरी-पिठल्याच्या दिवशी ती वर जाई. असे तीन आठवडे चालले. शेवटी तीर्थरूपांनी निकाल दिला, "जोंधळा आम्हांस मानवत नाही. भातच बरा." आईने भाकरीचा तवा वर ठेवून दिला. वहीत आकडे लिहिलेले असल्यामुळे त्यांचे म्हणणे आम्हांसही खोडता येईना.

आमच्या मनास मात्र ते पटेना. एके दिवशी चिक्कडपल्लीच्या ग्रंथालयात बसून आम्ही कोष्टकाची एक ओळ आडवी बेरजेस घेतली. ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये पाणी ९.०१, प्रथिने ९.९७, क्षार १.३९, स्निग्ध १.७३, तंतू १०.२२ आणि कर्बोदके ६७.६८. बेरीज आली बरोबर १००! मग तांदळाची ओळ घेतली: ९.९३, ७.९४, ०.५६, ०.५२, २.८१ आणि ७८.२४. पुन्हा १००. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तंतू जर कर्बोदकांच्या आकड्यात मिसळलेले असते, तर ही बेरीज शंभराच्या वर गेली असती. याचा अर्थ नव्या कोष्टकात कर्बोदकांचा आकडा तंतू आधीच बाजूला काढून दिलेला आहे. आम्ही तेच तंतू दुसऱ्यांदा वजा करीत होतो!

या चुकीचा परिणाम भात व भाकरीवर सारखा का झाला नाही, हे आता वाचकांच्या ध्यानात येईल. दोन्ही जेवणांचा हिशेब पुन्हा मांडून पाहू.

भाताचे जेवण: तांदूळ १०० ग्रॅम व तूरडाळ २५ ग्रॅम. खरी कर्बोदके ९२, तंतू ५.१. आम्ही धरलेला आकडा ८६.९. चूक ५.१ ग्रॅमची.

भाकरी-पिठल्याचे जेवण: ज्वारीचे पीठ १२० ग्रॅम व हरभऱ्याच्या डाळीचे पीठ ४० ग्रॅम. खरी कर्बोदके ९९.९, तंतू १८.३. आम्ही धरलेला आकडा ८१.६. चूक १८.३ ग्रॅमची.

म्हणजे भाताच्या दिवशी इन्सुलिन अर्ध्या युनिटाने कमी पडे, तर भाकरीच्या दिवशी जवळजवळ दोन युनिटांनी. ज्या अन्नात चोथा अधिक, त्याच अन्नाच्या वाट्यास आमची चूक अधिक आली, आणि दोष लागला बिचाऱ्या जोंधळ्यास. हिशेब चुकला आमचा व शिक्षा झाली भाकरीस! डॉक्टरांस वही दाखविली तेव्हा त्यांनी बेरीज तपासून पाहिली व वजाबाकी बंद करावयास सांगितले. तवा पुन्हा खाली उतरला. त्यानंतर भाकरीच्या दिवसाचे आकडेही ठिकाणावर आले.

मग नियम कोणता?

या अनुभवावरून जो नियम हाती आला, तो असा: आपण वापरतो तो आकडा कोठून आला हे आधी पाहावे, आणि मगच वजाबाकीचा विचार करावा.

राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची कोष्टके वापरीत असाल, तर काहीही वजा करू नये. तो आकडा आहे तसाच घ्यावा.

जुना ग्रंथ घरात असेल, तर त्यातील कर्बोदकांत बरेचसे तंतू दडलेले आहेत. एका वहीत जुने व नवे आकडे मिसळू नयेत. एकच कोष्टक धरून चालावे, आणि ते नवे असलेले बरे.

बाजारातील पाकिटांची गोष्ट आणखी निराळी. अमेरिकेत 'एकूण कर्बोदके' या आकड्यात तंतू धरलेले असतात व ते त्याच्याखाली पोटओळीत छापतात. युरोपात कर्बोदकांचा आकडा तंतू वगळून देतात. आपल्या येथील दुकानांत दोन्हींकडचा माल येतो. म्हणून प्रथिने, स्निग्ध, कर्बोदके व तंतू यांची १०० ग्रॅममागील बेरीज करून पाहावी. ती शंभराच्या वर गेली, तर तंतू कर्बोदकांत धरलेले आहेत हे निश्चित समजावे. शंभराच्या आत राहिली, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. अशा वेळी वजाबाकी न करणे आणि डॉक्टरांस विचारणे हेच शहाणपणाचे.

पाकिटावर 'निव्वळ कर्बोदके' असा मोठ्या अक्षरांत छापलेला लहानसा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. अमेरिकेतील मधुमेह संघटनेचेही सांगणे असे की या शब्दास कायद्याची व्याख्या नाही व एकूण कर्बोदकांचाच आकडा पाहावा. शिवाय सर्व तंतू एकसारखे नसतात. काही अंशतः पचतात.

जे इन्सुलिन घेत नाहीत, केवळ गोळ्यांवर किंवा पथ्यावर आहेत, त्यांनी तर या वजाबाकीच्या वाटेस जाऊच नये. त्यांस युनिटे मोजावयाची नाहीत. त्यांनी रोजच्या रोज सुमारे सारख्याच प्रमाणात कर्बोदके घ्यावीत व त्यांत तंतू जास्तीत जास्त असावेत, एवढे पाहिले म्हणजे पुरे.

तोलावे कसे?

धान्य व डाळ कच्ची असतानाच तोलावी, कारण कोष्टके कच्च्या धान्याची आहेत. शिजल्यावर पाण्यामुळे वजन वाढते. एक उदाहरण घेऊ. घरातील सर्वांसाठी २०० ग्रॅम तांदूळ लाविला. त्यात कर्बोदके १५६.५ ग्रॅम. शिजल्यावर भात तोलला तो ५६० ग्रॅम भरला. मधुमेही माणसाच्या पानात १४० ग्रॅम वाढला, म्हणजे एक चतुर्थांश. तेव्हा त्याच्या वाट्यास ३९.१ ग्रॅम कर्बोदके आली. महिनाभर असे केले की वाटी पाहूनच अंदाज येऊ लागतो. मग रोज तराजू काढावा लागत नाही. अधूनमधून मात्र तपासून घ्यावे, कारण वाढणाऱ्याच्या मायेने वाटी हळूहळू भरत जाते.

नित्याच्या पदार्थांचे १०० ग्रॅम कच्च्या वजनामागील आकडे, २०१७ च्या कोष्टकाप्रमाणे, येथे देतो. तंतू वेगळे काढलेलेच आहेत.

पांढरा तांदूळ: कर्बोदके ७८.२, तंतू २.८
गव्हाची कणीक: कर्बोदके ६४.२, तंतू ११.४
ज्वारी: कर्बोदके ६७.७, तंतू १०.२
बाजरी: कर्बोदके ६१.८, तंतू ११.५
नाचणी: कर्बोदके ६६.८, तंतू ११.२
जव: कर्बोदके ६१.३, तंतू १५.६
तूरडाळ: कर्बोदके ५५.२, तंतू ९.१
हरभऱ्याची डाळ: कर्बोदके ४६.७, तंतू १५.२
राजगिरा: कर्बोदके ६१.५, तंतू ७.५
बटाटा: कर्बोदके १४.९, तंतू १.७
पालक: कर्बोदके २.१, तंतू २.४

या यादीत जव आहे, त्याविषयी एक शब्द. चरकसंहितेत प्रमेहाच्या रुग्णास जवाचे पदार्थ मुख्यत्वे सांगितलेले आहेत. यादीतील सर्व तृणधान्यांत तंतू सर्वांत अधिक जवातच आहेत, हे वाचकांनी स्वतःच पाहावे. मात्र प्राचीन ग्रंथात आहे म्हणून औषध सोडावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये.

यादीवरून दुसरीही गोष्ट दिसते. ज्वारी व तांदूळ यांच्या कर्बोदकांत फरक आहे, परंतु तो फार मोठा नाही. "भाकरी कितीही खाल्ली तरी चालते" हा समज म्हणूनच खोटा आहे. लाभ येतो तो तंतूंमुळे, आणि भाकरीबरोबर भाजी व डाळ यांचे प्रमाण वाढविल्यामुळे. १०० ग्रॅम तांदूळ, २५ ग्रॅम तूरडाळ व १०० ग्रॅम बटाट्याची भाजी या जेवणात कर्बोदके १०६.९ व तंतू ६.८ ग्रॅम होतात. त्याऐवजी ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी, २५ ग्रॅम तांदळाचा थोडासा भात, तेवढेच वरण व १०० ग्रॅम पालक घेतला, तर कर्बोदके ७६.१ व तंतू ११.५ ग्रॅम होतात. भात बंद झालेला नाही. भाकरीचे पाहुणचार करून भातास थोडे सरकून बसावयास सांगितले, इतकेच.

दिवसाकाठी २,००० कॅलरींच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम तंतू असावेत, असे आपल्याकडील पोषणशास्त्रज्ञ सांगतात. ते एकदम वाढवू नयेत, नाही तर पोट फुगते. आठवड्या-आठवड्याने वाढवावेत व पाणी पुरेसे प्यावे. मेथीदाण्यात जवळजवळ निम्मे तंतूच असतात. राष्ट्रीय पोषण संस्थेतच आर. डी. शर्मा व टी. सी. रघुराम यांनी मधुमेही रुग्णांवर मेथीचे प्रयोग करून, तिने साखर उतरते असे १९९० साली प्रसिद्ध केले. परंतु जे औषध घेत आहेत त्यांनी मेथीही डॉक्टरांस सांगूनच सुरू करावी. दोन्हींच्या योगाने साखर अधिक उतरण्याचा संभव असतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डाळी व पालेभाज्या वाढविण्यापूर्वी विचारणे तितकेच आवश्यक आहे.

उपवास व प्रसाद

आपल्या वाचकांच्या घरी हा प्रश्न येणारच, म्हणून त्याचाही हिशेब देतो. साबूदाण्यात १०० ग्रॅममागे सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके असतात व तंतू जवळजवळ नसतातच. ६० ग्रॅम साबूदाणा, ५० ग्रॅम बटाटा व २० ग्रॅम शेंगदाणे घालून केलेल्या खिचडीत कर्बोदके ६३ ग्रॅम होतात. एकादशीस "आज काही खाल्ले नाही" असे म्हणणारा मधुमेही गृहस्थ एका बशीत दोन वाट्या भाताइतके खाऊन बसलेला असतो. साबूदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतून आपल्याकडे आलेला आहे. तेव्हा तो न खाल्ल्याने प्राचीन परंपरेस बाध येईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ४० ग्रॅम वरईचा भात व २० ग्रॅम शेंगदाण्याची आमटी यांत कर्बोदके सुमारे ३० ग्रॅम होतात. मात्र वरई फार पांढरीशुभ्र घासलेली असल्यास तिच्यातील तंतू कमी झालेले असतात.

पुरणपोळीचे पाहा. २५ ग्रॅम कणीक, २५ ग्रॅम हरभऱ्याची डाळ व २५ ग्रॅम गूळ धरला, तर एका पोळीत कर्बोदके सुमारे ४९ ग्रॅम होतात. त्यांपैकी २१ एकट्या गुळाची. गूळ साखरेपेक्षा निर्दोष आहे हा भ्रम या आकड्याने दूर व्हावा. प्रसाद नाकारण्याची आवश्यकता नाही. चमचाभर शिरा हातावर घेऊन डोळ्यांस लावावा, खावा आणि वहीत लिहावा. त्यानंतर द्रोण भरून पुन्हा मागणे हे मात्र भक्तीत बसत नाही आणि हिशेबातही बसत नाही.

याहून गंभीर गोष्ट उलट बाजूची आहे. सकाळी इन्सुलिन किंवा गोळी घेऊन मग पूजा लांबली, जेवणास उशीर झाला किंवा निराहार राहिले, तर साखर खाली जाते. हात थरथरणे, घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात असंबद्धता ही लक्षणे होत. मोठ्या पूजेच्या वेळी ती पाहून लोक "भाव दाटून आला" असे समजतात, आणि अमोल वेळ जातो. साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे सपाट तीन लहान चमचे, पाण्यात विरघळवून ताबडतोब द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी व गरज पडल्यास पुन्हा द्यावी. पेढा किंवा बर्फी देऊ नये. त्यांतील तुपाने व खव्याने साखर चढण्यास वेळ लागतो. माणूस शुद्धीवर नसल्यास तोंडात काहीही घालू नये, तत्काळ रुग्णालयात न्यावे. उपवास करावयाचा असेल तर आदल्या दिवशीच डॉक्टरांस विचारून औषधाचे प्रमाण बदलून घ्यावे. तीर्थरूप आता संध्येस बसताना खडीसाखरेची डबी पळीपंचपात्राजवळ ठेवतात.

बारीक माणसांनीही

"आम्ही तर सडपातळ, आम्हांस या मोजदादीचे काय?" असे काही तरुण म्हणतात. आम्हीही म्हणत होतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ साली एका प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा आकडा अगदी एकच, २२.३. परंतु शरीरातील चरबी डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसावयास बारीक व आत चरबी, ही आपल्या लोकांची ठेवण या एका चित्राने जगापुढे आली. ज्यांच्या घरी आईवडिलांस मधुमेह आहे त्यांनी तरी अंगलटीवर विसंबू नये. आम्ही स्वतःही आता वर्षातून एकदा तपासून घेतो.

उपसंहार

सारांश इतकाच. कर्बोदके प्रामाणिकपणे मोजावीत, आणि ज्या कोष्टकावरून मोजतो त्याची बेरीज एकदा करून पाहावी. चोथा मोजावयाचा तो वजा करण्याच्या लोभाने नव्हे, तर ताटात वाढविण्याच्या हेतूने. वजाबाकीने आकडा लहान होतो, साखर लहान होत नाही. एखादे अन्न मानवत नाही असा निकाल देण्यापूर्वी आपलीच वही पुन्हा तपासावी. आमच्या घरी एका चुकीच्या वजाबाकीने जुने, चांगले अन्न तीन आठवडे हद्दपार झाले होते. कित्येक घरी ते कायमचेच झाले असेल.

ज्या वाचकांस हे कोष्टक उतरवून घ्यावयाचे असेल त्यांनी अवश्य घ्यावे व स्वयंपाकघराच्या दारामागे लावावे. वही घालण्यास अडचण वाटत असेल, तर घरातील शाळकरी मुलांस हाताशी घ्यावे. त्यांस बेरजेचा सराव होतो, आणि आपल्या वडीलधाऱ्यांच्या पानात काय वाढले जाते याकडे त्यांचे लक्षही लागते.